विमानं उडाली, मिल बसली

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्री देशांतर्गत विमानसेवा बंद झाली. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात ताप्ती मिल या सूतगिरणीची शेवटची पाळी सुटली. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, विमानं पुन्हा उडू लागली. मिल उघडली नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्या पाच वर्षांतही नाही.

या दोन गोष्टी एका दमात सांगायचं कारण असं, की त्या वेळी एअर इंडिया आणि ताप्ती मिल यांचा मालक एकच होता. भारत सरकार. दोन्ही उद्योग जुने, दोन्ही तोट्यातले, दोन्ही कधीकाळी खासगी मालकांकडून सरकारने ताब्यात घेतलेले. महामारीने दोघांनाही एकाच आठवड्यात खाली बसवलं. एकाचं कर्ज सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि त्याला नवा मालक मिळवून दिला. दुसरा ना चालू ना बंद, असा लटकत राहिला. संकटात कुणाला वाचवायचं हे कशावरून ठरतं, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून होते. बुऱ्हाणपुरातून ती जास्त स्पष्ट दिसते, असं माझं मत आहे.

खरं तर बुऱ्हाणपूरला प्रवासी विमान येतच नाही. भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचं हे गाव. विमान गाठायचं तर इंदूर, नाहीतर जळगाव. आणि विमान कंपनी बुडते म्हणजे काय होतं, याचा धडा जळगावच्या एवढ्याशा विमानतळानेही गिरवला आहे. २०१२ साली तो सुरू झाला. २०१७च्या डिसेंबरात 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबईहून आलं, पेपरांत फोटो झळकले आणि थोड्याच काळात सेवा विस्कटली. २०१९मध्ये ट्रूजेट आली. एप्रिल २०२०मध्ये एअर डेक्कनने सगळी उड्डाणं थांबवून माणसांना बिनपगारी घरी बसवलं. महामारीने बुडवलेली देशातली पहिली विमान कंपनी हीच. ट्रूजेटने कसाबसा तग धरला, पण २०२२च्या सुरुवातीला तिचीही विमानं उतरली ती उतरलीच. जळगावच्या धावपट्टीवर पुन्हा नियमित वर्दळ व्हायला २०२४ साल आणि फ्लाय-९१ ही नवी कंपनी यावी लागली. या कुठल्याही छोट्या कंपनीला वाचवायला सरकार धावलं नाही. त्यांच्यासाठी कुणी हळहळलंही नाही.

जगात मात्र त्या वर्षी विमान कंपन्यांसाठी तिजोऱ्या सताड उघडल्या होत्या. विमान कंपनीचा धंदा मुळात नाजूक. विमानं बरीचशी भाड्याची, भाडं डॉलरमध्ये, इंधन उधारीवर, आणि रोजचा खर्च उद्याच्या तिकिटांच्या आगाऊ पैशांतून. प्रवासी थांबला की आगाऊ पैसा थांबतो, उलट परतावा मागणाऱ्यांची रांग लागते. ब्रिटनची फ्लायबी ५ मार्च २०२०लाच कोसळली. एप्रिलमध्ये व्हर्जिन ऑस्ट्रेलिया, मेमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अव्हियांका आणि लाताम या कंपन्या दिवाळखोरीच्या कायद्याच्या आसऱ्याला गेल्या. एकट्या २०२० सालात जगभरच्या विमान कंपन्यांचा तोटा १३७ अब्ज डॉलरवर गेला.

अमेरिकेने २७ मार्चला कायदा करून प्रवासी विमान कंपन्यांना नुसत्या पगारांसाठी २५ अब्ज डॉलर काढून दिले. पुढच्या दोन हप्त्यांसह ही रक्कम ५४ अब्जांवर पोहोचली. अट होती: सप्टेंबरअखेरपर्यंत कुणाला कामावरून काढायचं नाही, भागधारकांना लाभांश वाटायचा नाही, स्वतःचे शेअर परत विकत घ्यायचे नाहीत. ही शेवटची अट अगदी नेमक्या दुखऱ्या जागेवर होती. आधीच्या दशकात याच कंपन्यांनी हाती आलेला बहुतेक मोकळा पैसा स्वतःचे शेअर खरेदी करून भाव चढे ठेवण्यात घालवला होता. गाठीला काही ठेवलं नाही आणि पाऊस आल्यावर सरकारच्या वळचणीला आल्या. सप्टेंबर संपला आणि १ ऑक्टोबरला अमेरिकन व युनायटेड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२ हजार माणसं घरी पाठवली. अटीची मुदत संपताच माणुसकीचीही संपली.

जर्मनीने जास्त व्यापारी डोकं चालवलं. लुफ्तान्साला ९ अब्ज युरोंचं पॅकेज दिलं, पण बदल्यात कंपनीत २० टक्के हिस्सा घेतला. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत तो हिस्सा विकून सरकार नफ्यासह बाहेर पडलं. मदत करायचीच तर ती अशी करावी: पैसा द्या, पण मालकीचा कागद हातात ठेवा.

आपल्याकडे काय झालं? १६ मे २०२०ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आत्मनिर्भर पॅकेजच्या एका टप्प्यात विमान वाहतुकीला जे दिलं त्यात रोख असं काहीच नव्हतं. हवाई हद्दीवरचे निर्बंध सैल होतील, विमानं सरळ मार्गाने उडतील, त्यातून वर्षाला हजार कोटी वाचतील. आणखी सहा विमानतळ खासगी हातांत जातील. पुढे वर्षभराने, मे २०२१मध्ये, सरकारी हमीच्या कर्जयोजनेत विमान कंपन्यांना घेतलं, तेही एका कंपनीला २०० कोटींच्या मर्यादेत. ती मर्यादा १,५०० कोटींवर न्यायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तोवर इंडिगोसारख्या सगळ्यात सुदृढ कंपनीने एका आर्थिक वर्षात ५,८०० कोटींचा तोटा सोसला होता आणि दहा टक्के नोकरवर्ग कमी केला होता. खासगी कंपन्यांना आपल्या सरकारने तगवलं असं म्हणता येणार नाही. ज्यांच्याकडे गंगाजळी होती त्या तगल्या.

एअर इंडियाची गोष्ट वेगळी, कारण तिथे सरकारच मालक. २००९-१० पासून तिच्यात रोख आणि हमी मिळून एक लाख दहा हजार कोटींच्या घरात सरकारचा पैसा गेला होता. दिवसाला वीस कोटींचा तोटा, असं खुद्द सरकारच सांगत होतं. २०१८मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तर एकही बोलीवाला फिरकला नाही. महामारीच्या मध्यावर, जुलै २०२०मध्ये, कर्मचाऱ्यांना सहा महिन्यांपासून थेट पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेवर पाठवण्याची योजना आली. आणि तरीही याच कंपनीची विमानं ७ मे २०२०पासून परदेशी अडकलेल्यांना आणायला 'वंदे भारत' मोहिमेत उडत होती. हे तिचं ऋण मान्य करायलाच हवं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने ते निघाले होते. परदेशातून आणायला विमान होतं आणि जालन्याहून शहडोलला जायला गाडी नव्हती. टाळेबंदीचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन तारखा एकाच पानावर छापाव्यात.

८ ऑक्टोबर २०२१ला टाटांची बोली मंजूर झाली. १८,००० कोटींची. त्यातले २,७०० कोटी रोख, बाकी १५,३०० कोटींचं कर्ज टाटांनी उचलायचं. कंपनीवर कर्ज होतं ६१,५६२ कोटी. उरलेले ४६,२६२ कोटी कुठे गेले? त्यासाठी सरकारने वेगळी कंपनी केली होती, तिच्या नावावर गेले, म्हणजे तुमच्या-माझ्या. पॅकेज हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण आपल्या देशातलं महामारीच्या काळातलं सगळ्यात मोठं विमान-पॅकेज ते हेच. मी या व्यवहाराला नावं ठेवणार नाही. रोजचे वीस कोटी वाहून जाणं थांबवायचं तर कुठेतरी घाव घालावाच लागतो. माझं लक्ष वेधलं ते करारातल्या एका कलमाने. १२,०८५ कर्मचारी नव्या मालकाकडे जाणार होते. त्यांपैकी कुणालाही पहिलं वर्षभर काढायचं नाही, दुसऱ्या वर्षी काढायचं झालं तर स्वेच्छानिवृत्ती द्यावी लागेल, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी शाबूत राहील. कलिन्याच्या वसाहतीतली घरं सोडावी लागणार म्हणून कर्मचारी भांडले, ते वेगळं. पण निदान भांडायला हातात कागद होता.

आता लालबागला परत येऊ.

ताप्ती मिल शतकाहून जुनी. बुऱ्हाणपुरात कापडाची परंपरा मात्र तिच्याही आधीची. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. इथलं तलम पांढरं कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि मस्कोव्हीपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. गिरणी आली ती या परंपरेवर इंग्रजी यंत्रं बसवून. सत्तरच्या दशकापर्यंत देशातल्या कितीतरी गिरण्या मालकांनी पिळून, कर्जात बुडवून सोडून दिल्या होत्या. १९७४च्या कायद्याने सरकारने अशा १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या यादीत 'बुऱ्हाणपूर ताप्ती मिल्स' आहे. कारभार गेला राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे. गावाच्या तोंडी एनटीसीकडे. हे महामंडळ स्वतः नव्वदीत आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेलं. त्यातून बाहेर यायला मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी विकाव्या लागल्या, ७८ गिरण्यांना कायमचं कुलूप लागलं, हजारो कामगार स्वेच्छानिवृत्तीवर गेले. या चाळणीतून वाचलेल्या आणि नव्या यंत्रांवर चाललेल्या २३ गिरण्या मार्च २०२०मध्ये सुरू होत्या. ताप्ती त्यांतली एक. भोपाळची न्यू भोपाळ, बार्शीची बार्शी टेक्स्टाइल, अचलपूरची फिनले, मुंबईतल्या टाटा, पोदार, दिग्विजय आणि इंडिया युनायटेड क्रमांक ५, या इतर काही.

थांबलेली सूतगिरणी म्हणजे नुसतं बटण बंद केलेलं यंत्र नसतं, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कापसाची गासडी फुटते ती ब्लोरूममध्ये. तिथून कार्डिंगला कचरा झडून पेळू निघतो, ड्रॉफ्रेमवर सहा-आठ पेळू एकत्र ओढले जातात, स्पीडफ्रेमवर त्याची वात होते आणि रिंगखात्यात त्या वातीला पीळ बसून सूत चातीवर गुंडाळलं जातं. रिंगभोवती नखाएवढी एक लोखंडी कडी मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्यावर गंज चढला की सूत तुटलंच. वरच्या रोलरवर रबराची टोपणं असतात. यंत्र दाबात ठेवून महिनोन्‌महिने बंद राहिलं की ती एका बाजूने चपटी होतात. खात्यात सतत दमट हवा सोडावी लागते, नाहीतर कापूस ठिसूळ होतो. पण तीच दमट हवा यंत्र थांबलं की लोखंड खाते. म्हणून जाणता फिटर दीर्घ बंदच्या आधी दाब सैल करतो, तेल देतो, कापूस उपसून काढतो. टाळेबंदी चार तासांच्या सूचनेने आली. चार तासांत गिरणी नीट निजवता येत नाही.

विमानाचं पाहा. उभ्या विमानाच्या इंजिनांना झाकणं घालतात, हवेचा वेग मोजणाऱ्या नळ्यांत किड्यांनी घर करू नये म्हणून त्यांना टोप्या घालतात, ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवतात, टायर एका बाजूने बसू नयेत म्हणून चाकं ठरावीक दिवसांनी फिरवतात. महामारीत जगभर हजारो विमानं अशी राखली गेली. कारण विमान बऱ्याचदा भाड्याचं असतं आणि त्याच्या परदेशी मालकाचं त्याच्यावर लक्ष असतं. गिरणीच्या रोलरवर असं लक्ष ठेवणारा कोण?

आरंभी कामगारांना वाटलं, गाड्या सुरू होतील तेव्हा भोंगाही होईल. खासगी सूतगिरण्या उघडल्या, २०२१मध्ये तर सुताला चांगला भाव होता. एनटीसीकडे कापूस घ्यायला खेळतं भांडवल नाही, असं कारण पुढे आलं. पगार अर्ध्यावर आला, मग तोही रखडू लागला. गेटवर धरणं झाली, निवेदनं गेली, निवडणुका आल्या की आश्वासनंही आली. या भागाचे खासदार नंदकुमारसिंह चौहान स्वतः मार्च २०२१मध्ये कोरोनाने गेले. त्याच्या आदल्याच महिन्यात केंद्राचं नवं धोरण जाहीर झालं होतं: मोजकी क्षेत्रं सोडून बाकीचे सरकारी उद्योग विकायचे, नाहीतर बंद करायचे. कापड त्या मोजक्यांत नाही. म्हणजे धोरणाप्रमाणे ताप्तीचं भवितव्य ठरलेलं होतं. फक्त ते कुणी कागदावर उतरवलं नाही.

आणि इथेच खरी मेख आहे. शंभर किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायचा तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-ओ कलमाखाली सरकारची परवानगी लागायची, कामगारांना भरपाई द्यावी लागायची. बंद न करताच थांबवून ठेवलं की यातलं काही करावं लागत नाही. कामगार हजेरीपटावर राहतो. दुसरीकडे पक्की नोकरी धरावी तर इथला हक्क जाईल ही भीती, न धरावी तर घर चालत नाही. निवृत्तीचं वय मात्र कुणासाठी थांबत नाही. पाच वर्षांत कितीतरी जण यंत्राला हात न लावता निवृत्त झाले.

मिलच्या बाहेरचं बुऱ्हाणपूर यंत्रमागांवर चालतं. अस्तर, बकरम, कोरं ग्रे कापड. व्यापारी सूत आणि बीम देतो, मागवाला मीटरवर मजुरी घेतो. सरकारने मे २०२०मध्ये छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची हमी-कर्जं जाहीर केली, त्यात हाही धंदा बसायला हवा होता. पण अट अशी की २९ फेब्रुवारीला बँकेचं जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या २० टक्के नवं मिळणार. चार मागांच्या मालकाने बँकेचं तोंडच पाहिलेलं नसतं. त्याचं कर्ज शेठकडे असतं. शून्याचे वीस टक्के शून्यच.

सरकारी मदत ही गोष्ट या गावाला नवी नाही, म्हणून हे जास्त खटकतं. १६३०-३२च्या दुष्काळात गुजरात-दख्खनचे विणकर गावं सोडून पळाले, कापडाचा धंदा कोसळला. त्या वेळी सुरतेहून आग्र्याला जाताना बुऱ्हाणपुरावरून गेलेल्या पीटर मंडीने वाटेतल्या प्रेतांची वर्णनं लिहिली आहेत. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी इथेच तळ देऊन होता. मुमताजमहल १६३१च्या जूनमध्ये इथेच वारली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच मुक्कामात बादशहाने लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटण्याचा हुकूम दिला, हे फारसं कुणी सांगत नाही. वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटल्याची दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीची नोंद आहे. महसुलातही सूट दिली गेली. बादशहाच्या फौजेनेच मुलखाचं धान्य खाल्लं होतं, तेव्हा फार गोडवे गायला नकोत. मदत तुटपुंजीच होती. पण कुणाला, किती आणि कोणत्या वारी, हे त्या हुकमात स्पष्ट होतं.

गिरणी आणि विमान यांचं नातं तसं जवळचं आहे. टाटांनी १९३२मध्ये विमानसेवा सुरू केली, १९५३मध्ये ती सरकारने घेतली, २७ जानेवारी २०२२ला परत त्यांच्याकडे गेली. याच घराण्याची परळची टाटा मिल १९८३मध्ये संपानंतर सरकारने हाती घेतली, १९९५मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. ती ताप्तीबरोबर त्याच टाळेबंदीत थांबली आणि थांबलेलीच राहिली. विमान घरी आलं, गिरणी आली नाही. बॉम्बे डाइंग गिरणीच्या वाडियांची गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३मध्ये दिवाळखोरी न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२५मध्ये तिची मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा आदेश निघाला. म्हणजे विमान कंपनी असली की वाचतेच असं नाही. फरक हा, की तिच्या मरणाचीही तारीख असते, न्यायाधिकरण असतं, देणेकऱ्यांची यादी असते आणि त्या यादीत कामगाराचं नाव असतं.

ताप्ती मिल तोट्यातच चालवत राहा, असा माझा आग्रह नाही. सूत कोइम्बतूरहून येतं, येत राहील. सरकारने सूत कातलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. याच सरकारने ४,४४५ कोटी खर्चून देशात सात मोठी वस्त्रोद्योग उद्यानं उभारायला घेतली आहेत. त्यांतलं एक मध्य प्रदेशात धारला आहे, एक अमरावतीजवळ नांदगाव पेठेत. त्याच अमरावती जिल्ह्यात अचलपूरची फिनले मिल ताप्तीसारखीच थांबलेली आहे. नव्या उद्यानात रोजगार येवो. पण तिथे गुंतवणूकदारांना बोलावणाऱ्या मालकाने आधी स्वतःच्या कारखान्यातल्या माणसांचा हिशोब मिटवावा, एवढी साधी अपेक्षा आहे.

एअर इंडियाच्या वेळी सरकारला हे जमलं होतं. तेव्हा वस्त्रोद्योग मंत्रालयाने ताप्तीसह सगळ्या २३ गिरण्यांसाठी एकच करावं: गिरणीगणिक तारीख जाहीर करावी. चालवायची असेल तर सुरू करण्याची, विकायची असेल तर निविदेची आणि त्यात एअर इंडियासारखं कामगारांचं कलम, आणि बंदच करायची असेल तर परवानगीच्या अर्जाची. थकलेला पगार, फंड आणि ग्रॅच्युइटी मात्र या तिन्हींच्या आधी चुकती व्हावी.